डावं चाक

आमचे हे मला चिडवतात, “चंद्राबाई दूधवाल्यावर नाय, त्याच्या म्हशीवर संशय घेते.” घेते तर घेते! ज्याला घर राखायचंय त्याला एक डोळा उघडा ठेवायला लागतो. यांचं काय, कोंडाजी म्हंजे भोळा सांब. कुणी म्हणलं आज सूर्य मुरबाडच्या बाजारातून उगवला, तरी मान डोलावतील.

आमचं घर कशेळ्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून. लेक एकुलता एक, नवनाथ. त्याची पांढरी गाडी हाय, सात माणसं बसतात. कर्जत स्टेशनावरून पाव्हणे उचलायचे नि कळंबच्या रिसॉर्टवर नेऊन सोडायचे, हा त्याचा धंदा. घर त्या गाडीवर चालतं. भात पिकतं ते घरात खायला.

गेल्या उन्हाळ्यात सून आली, हर्षला. खोपोलीची. आयटीआय झालेली, लग्नाआधी तिकडं गाड्यांच्या वर्कशॉपात कामाला होती. पोरीच्या हाताला पाना शोभतो काय, हे मी तवाच बोलून दाखवलं होतं. पण नवनाथचं मन बसलं, आमी काय करणार! पोरगी दिसायला बरी, कामाला झटझटीत, कदी उलटं बोलत नाय. आता जी उलटं बोलतच नाय त्या सुनेच्या मनात काय हाय हे कळावं कसं? त्यापरीस भांडणारी परवडली.

पोपटीचे दिवस होते, थंडीत मडक्यात वालाच्या शेंगा भाजायचा मोसम. पाव्हण्यांची नुसती रीघ. अशात गाडीचा ब्रेक मारला की चाकातून किर्र आवाज यायला लागला. हर्षलानं एका संध्याकाळी चाक उघडलं, वाकून बघितलं नि म्हणली, “पॅड पार संपलेत. डिस्कलाही चरे पडलेत. दोन्ही बदलायला लागणार.”

मला तिनं दाखवलं पण. चाकाच्या आत ताटाएवढी लोखंडी चकती असते, ती डिस्क. तिला दोन्ही अंगांनी चिमट्यात धरतात ते पॅड. ब्रेक दाबला की चिमटा आवळतो नि गाडी थांबते. एवढं मला कळलं, मी काय अगदीच अडाणी नाय.

“मंग टाका की रूपेशकडं,” मी म्हणलं. “दिवाळीतच तर त्यानं नवे पॅड बसवले. इतक्यात संपले कसे, तोच सांगंल.”

हर्षलानं नवनाथकडं बघितलं. नवनाथ आपला जमिनीकडं बघायला लागला. मंग ती म्हणली, “नको आई. मी घरीच करते.”

बास! तिथंच माझ्या डोक्यात किडा शिरला. रूपेश म्हंजे माझा भाचा, सख्ख्या भावाचा पोरगा. कशेळ्याच्या नाक्यावर त्याचं गॅरेज. लहानपणी अर्धा वेळ माझ्याच चुलीपाशी असायचा. आमची गाडी कायम त्याच्याच हाताखाली. नि ही परवा आलेली पोर म्हणते, नको! का नको? माझ्या माहेरचं माणूस हिला खुपतंय, दुसरं काय!

दोन दिवसांनी ती दोरीवरचे कपडे काढत होती, फोन खांद्याला धरून. पलीकडं तिचा भाऊ असावा. मी पडवीत होते, तिला दिसत नव्हते. मी ऐकलं ते एवढंच, “नको रे दादा, आईंना यातलं काही सांगायचं नाही.” पुढचं ती हळू बोलली. मी कान लावून थकले. माझ्यापास्नं चोरून ठेवण्यासारखं काय हाय ह्या घरात? मला त्या दिवशी भाकर गोड लागली नाय.

रविवारी सकाळी तिनं अंगणात मांडामांड केली. नवनाथच्या जुन्या पँटीत, केस वर बांधलेले. मी वालाच्या शेंगा घेऊन ओट्यावर बसले. शेंगा सोलायचं निमित्त, नजर सगळी तिच्यावर.

मागच्या चाकांना दगड लावले. पुढं जॅक लावून गाडी उचलली. आधी उजवं चाक काढलं. तो चिमटा सोडवला नि लोंबकळू नये म्हणून सुतळीनं वर टांगला. जुनी चकती हातोडीनं ठोकून मोकळी केली. खरं सांगते, हात सफाईचा होता. पण सफाईचा हात बघून मला आणखीच धाकधूक व्हायची.

मंग तिनं खोक्यातनं नवी डिस्क काढली. खोकी तिच्या भावानं खोपोलीहून पाठवलेली. कोरी करकरीत, वर तेलाचा हात फिरवलेला. मी मनात म्हणलं, चला, निदान पाठवणाऱ्याला तरी रीतभात हाय. तर हिनं काय केलं? एक बाटली घेतली, फुस्स फुस्स करून सगळं तेल धुवून काढलं नि कोरड्या फडक्यानं पुसून टाकलं! माझ्या आईकडं नवा विळा असो, कोयता असो, कोरं लोखंड घरात आलं की आधी तेलाचं बोट, मंग हळद-कुंकू, मंगच त्याला हात. नायतर ते लोखंड पहिलं घरच्याच माणसाला लागतं. माझ्या थोरल्या भावाचा अंगठा असाच गेला, बिनपूजेच्या कोयत्यानं.

मी उठून जवळ गेले. बघावं म्हणून हात पुढं केला, तर ती पटकन म्हणली, “आई, हात नका लावू हां त्याला!”

ऐकलंत? माझ्याच अंगणात, माझ्याच लेकाच्या गाडीला मी हात लावायचा नाय! मी काय महारोगी हाय? ओट्यावर येऊन बसले नि शेंगांवर राग काढला.

उजवं चाक झालं, डावं काढलं. तिकडं पण नवी डिस्क, नवे पॅड, सगळं बसवलं. चाक तेवढं लावायचं राहिलं. तेवढ्यात ती कंबर धरून उठली नि नवनाथला म्हणली, “चाक तू लाव, नट आवळ. मी अंघोळ करून येते. मग आधी मी चालवून बघते, त्याशिवाय पाव्हणे बसवायचे नाहीत.” नि गेली आत.

आधी मी चालवून बघते! म्हंजे हिला गाडी घेऊन जायचंय कुठं? खोपोलीला, भावाकडं? माझं डोकं अस्सं भणभणलं. नवनाथ फोनवर, अंगणाच्या टोकाला, रेंज येते तिथं. डावी बाजू गोठ्याकडं, कुणाला दिसत नाय. मी देव्हाऱ्यातली तेलाची वाटी नि कुंकवाचा करंडा उचलला.

ती चकती बघून मला भरून आलं, खरंच सांगते. माझा लेक रोज त्या लोखंडाच्या जोरावर घाट उतरणार, नि त्याला ना तेल ना कुंकू. मी वाटीतनं धार धरली. देवाच्या कामात मी हात आखडत नाय. चकती हातानं गोल फिरवली, घासत घासत फिरली, तेल सगळीकडं पोचलं, चिमट्यात पण गेलं. खाली टिपकायला लागलं ते पदरानं टिपून घेतलं. मधल्या बोंडावर पाच बोटं कुंकवाची लावली. हात जोडले, म्हणलं, “बाई, माझ्या लेकाला संभाळ, बायकोनं तर तुला कोरडीच ठेवली.” उजवं चाक लागून गेलं होतं, म्हणून ते राहिलं. त्याची मला हळहळ वाटली.

नवनाथ आला तो फोन कानालाच लावून. पाव्हणे स्टेशनात येऊन बसले होते. फोन खांद्यात दाबून त्यानं चाक चढवलं, नट आवळले, आत नजर पण टाकली नाय. “हर्षला येऊ दे, ती बघणार म्हणली होती,” तो म्हणला.

“बायकोच्या अंघोळीला पाव्हणे थांबणार हायत काय?” मी म्हणलं. “जा रं, गिऱ्हाईक जाईल!”

गेला. हर्षला ओल्या केसांनी बाहेर आली, रिकामं अंगण बघितलं नि तिचा चेहरा उतरला. “गेले? का जाऊ दिलंत आई?” मला वाटलं, बघा, बेत फसला!

दुपार व्हायच्या आत रूपेशच्या टेंपोतनं नवनाथ घरी आला. हात गळ्यात बांधलेला, कपाळावर पट्टी. स्टेशनाकडं जाताना, गाडी रिकामीच होती, वळणावर शेरडं आडवी आली. त्यानं ब्रेक दाबला, तर गाडी थांबायचं सोडून एकदम उजवीकडं ओढली गेली, समोरून येणाऱ्या मोटारसायकलवर. ती चुकवायला त्यानं आणखी वळवली नि गाडी शेताच्या बांधावर चढली. मोटारसायकलवाला वाचला. माझ्या पोराचं मनगट मोडलं. गाडी रूपेशनं ओढून गॅरेजात नेली.

“कसला तरी जळका वास येत होता,” नवनाथ म्हणला. “तळणीसारखा.”

वाटेवरच्या टपरीची भजी असतील, मी म्हणलं. नि मंग मी जे तोंड सोडलं! ओट्यावर उभी राहून, शेजारपाजार जमलेला. “माझ्या लेकाच्या जिवावर उठली ही! रूपेशकडं नको, घरीच करते! हेच करायचं होतं तुला?”

“मला चाक उघडून बघू द्या,” हर्षला रूपेशला म्हणली.

“माझ्या गॅरेजात तुझा हात नको,” रूपेश म्हणला. “आत्या, उद्या मीच उघडतो. काय करून ठेवलंय ते सगळ्यांना दाखवतो.”

हे मध्ये पडले, “अरे, पोरीचं ऐकून तरी घ्या.” पण यांचं घरात कोण ऐकतं?

तेवढ्यात नवनाथनं विचारलं, अगदी हळू, “तू नीट बसवलं होतंस ना गं?”

माझ्या शिव्या तिनं खाली मान घालून ऐकल्या होत्या. ह्या एका प्रश्नाला तिनं मान वर केली. त्याच्याकडं बघितलं. आत गेली नि बॅग भरायला घेतली. सकाळी म्हणली, “मी खोपोलीला जाते. जिथं माझ्या हातावर भरवसा नाही, तिथं मी राहून काय करू?” नवनाथ दारातच उभा.

“चंद्रे, थांबव तिला,” हे मला म्हणले. “गेली तर ती परत येणारी पोर नाय.”

“मी धाडलं काय तिला? तिची ती चाललीय!” मी म्हणलं. पण खरं सांगू, तिच्या बॅगेकडं मला बघवत नव्हतं.

दोघी एकाच जीपनं कशेळ्याला गेलो. ती एस.टी. धरायला, मी चाक बघायला. रूपेश सांगंल नि मी ऐकंन, हे माझ्या सोभावात नाय, मग तो भाचा का असेना. जीपमधी ती एका टोकाला, मी दुसऱ्या. ती रस्त्यापल्याड थांब्यावर उभी राहिली, बॅग पायाशी. मी गॅरेजात शिरले.

रूपेशनं डावं चाक उतरवलं. आत बघितलं नि थबकला. मी पण बघितलं. कालची चांदीवानी चकती चिकट, काळपट पडली होती, कढईच्या बुडासारखी. नि मधल्या बोंडावर माझी पाच बोटं, लाल, जशीच्या तशी.

तो तळणीचा वास माझ्या नाकात गेला. देवा! भजी कसली, ते माझंच तेल होतं. तेलानं डावा चिमटा निसटला, उजव्यानंच धरलं, म्हणून गाडी उजवीकडं ओढली.

रूपेशनं माझ्याकडं बघितलं. तो कुंकू ओळखणार नाय तर कोण? दसऱ्याला त्याच्या जॅकला, पान्यांना मीच येऊन लावते, तशीच पाच बोटं. बाजूची चिंधी उचलली नि एका फटकाऱ्यात कुंकू पुसून टाकलं. मंग डब्यात बोट बुडवून काळं ग्रीस काढलं, चकतीला वरून फासलं.

“हे काय करतोस रं?” मी म्हणलं.

“आत्या, तू गप बस,” तो हळूच म्हणला, नि हसला पण. “तिनं डिस्कला ग्रीस लागलेलं तसंच ठेवलं, असं सांगतो. तुझं नाव कुठं येत नाय. जाऊ दे तिला.”

मी त्याच्या हाताकडं बघत राहिले. जरा म्हणून थरथरला नाय तो हात. पुसलं, फासलं, झालं. हा हात असं काम पयल्यांदा करत नव्हता. माणसाचा हात मला कळतो, उगाच नाय मी संशयी म्हणून नावाजले.

“रूपेश,” मी म्हणलं, “दिवाळीला नवे पॅड म्हणून बसवलेस, ते खरंच नवे होते काय रं?”

त्याचं हसू मावळलं. “आता ते कुठं काढतेस आत्या?”

“माझ्या गळ्याची आण घेऊन सांग.”

“आत्या, तुझं माणूस कोण?” तो चिडून म्हणला. “मी का ती?”

आण त्यानं घेतली नाय. तवा मला तो फोन आठवला. आईंना यातलं काही सांगायचं नाही. दुसरं काय असणार ते? भाच्यानं जुनेच पॅड घासून लावले, हे त्या पोरीनं चाक उघडल्याबरोबर ओळखलं असंल. नि माझ्या जिवाला लागंल म्हणून गिळून बसली. माझ्या माहेरची लाज ती झाकत होती, नि मी तिला चोर समजून दाराआडून कान लावत होते. वाघाला सोडून मी माझ्याच घरच्या गाईवर काठी घेऊन बसले होते.

बाहेर हॉर्न वाजला. कर्जतची एस.टी. वळणावर दिसली. हर्षलानं बॅग उचलली.

मी रूपेशच्या हातातली चिंधी हिसकावली. “आत्या!” तो ओरडला. मी चपला पण घातल्या नाय, रस्ता तशीच ओलांडला. एका टेंपोवाल्यानं मला शिवी घातली, ती मी ऐकली पण नाय. हर्षलाचा एक पाय एस.टी.च्या पायरीवर होता. मी तिच्या बॅगेचा बंद धरला.

“ते तेल मी लावलं!” माझा आवाज कसा, अख्ख्या नाक्यानं ऐकला. चहावाल्याकडं बसलेली माणसं माना वळवून बघायला लागली. “तू अंघोळीला गेलीस तवा मी लावलं. धार धरली, चकती फिरवली, कुंकू लावलं. हे बघ, ह्या चिंधीवर माझंच कुंकू हाय. त्यानं पुसलं नि वर ग्रीस फासलं, तुझ्यावर ढकलायला. पॅडांचं पण मला कळलं. नको जाऊ गं बाई. माझ्या लेकाचं मनगट मी मोडलं, तू नाय.”

कंडक्टर म्हणला, “मावशी, चढताय का उतरताय?”

हर्षला चिंधीकडं बघत होती. मला वाटलं आता रडंल, नायतर मला बोलंल. बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं, माझ्या आयुष्यात पयल्यांदा. पण तिनं विचारलं भलतंच.

“कुठल्या चाकाला?”

“डाव्या.”

“फक्त डाव्या?”

“देवाशपथ. उजवं तू आधीच लावून टाकलं होतंस. माझ्या मनात लई होतं, पण येळ नाय मिळाला.”

ती पायरीवरून खाली उतरली. एस.टी. गेली. ती सरळ गॅरेजात शिरली. रूपेश आडवा यायला बघत होता, तिनं त्याच्याकडं बघितलं पण नाय, त्याचाच पाना उचलला. मी म्हणलं, “अगं, उजव्याला नाय लावलं, खरंच सांगते.”

“आई,” ती म्हणली, “मला बघू द्या.”

जॅक लावला, उजव्या चाकाचे नट सोडले, चाक उतरवलं. चकतीवर बोट फिरवलं, बोट उजेडात धरून बघितलं, वास घेतला. आत हात घालून मागच्या बाजूनं पण बघितलं. मंग पॅड. माझ्या एका शब्दावर तिनं इस्वास ठेवला नाय. का ठेवावा? मी तिची बॅग छातीशी धरून दारात उभी होते, घरी जाईपर्यंत ती तिच्या हातात द्यायची नाय असं मी ठरवलं होतं.

“कोरी आहे,” ती म्हणली नि चाक उचलायला वाकली. “या इकडं. नट धरा माझ्यासाठी.”